घरी बनविलेला मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामर

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेले पुष्कळ विद्यार्थी दिवा लुकलुकविणे, बझर वाजविणे येथवर सहज येतात. पुढे मायक्रोकंट्रोलर येतो आणि पाऊल अडते. बाजारातून आणलेली ही चिप कोऱ्या पाटीसारखी असते. संगणकावर लिहिलेली आज्ञावली तिच्यात उतरविण्यासाठी जे साधन लागते त्याला प्रोग्रामर म्हणतात. (आज्ञावली लिहिणाऱ्या माणसालाही प्रोग्रामरच म्हणतात, त्यामुळे प्रथम गोंधळ होतो.) तयार प्रोग्रामर आज फार महाग राहिलेला नाही. तरीही तो एकदा स्वतः जोडावा असे आमचे मत आहे. तयार डबीचा दिवा लागला नाही तर नवशिक्या हताश होतो. स्वतः जोडलेल्या तारांत चूक कोठे शोधावी हे त्याला ठाऊक असते.

पूर्वी हे काम अवघड होते. इंटेल कंपनीने १९८० साली ८०५१ ही चिप आणली. तिच्या कुटुंबातील ८७५१ या चिपवर काचेची खिडकी असे आणि आतील मजकूर पुसण्यासाठी ती अतिनील प्रकाशाखाली ठेवावी लागे. पुढे फ्लॅश स्मृतीच्या चिपा आल्या आणि विजेनेच लिहिणे-पुसणे होऊ लागले. आम्ही निवडलेली एटमेगा८ ही त्यांपैकीच एक. ती अ‍ॅटमेल कंपनीची. २०१६ साली ती कंपनी मायक्रोचिपने विकत घेतली. चिपला २८ पाय, आज्ञावलीसाठी ८ किलोबाइट जागा आणि सुमारे १०,००० वेळा पुनर्लेखन एवढी तिची ताकद आहे. शिकणाऱ्याला आणखी काय हवे?

आम्ही पाच-सहा जण रविवारी एकत्र बसत असू. एका जुन्या संगणकाला प्रिंटरचे २५ पिनांचे पॅरलल पोर्ट होते, त्याचा आम्ही उपयोग केला. जोडणी अशी : पोर्टची पिन १ चिपच्या १९ व्या पायाला (घड्याळ), पिन २ ही १७ व्या पायाला (चिपकडे जाणारी माहिती), पिन ११ ही १८ व्या पायाला (चिपकडून येणारी माहिती) आणि पिन १६ ही पहिल्या पायाला (रिसेट). या चारही तारांत प्रत्येकी ४७० ओहमचा रेझिस्टर घातला. पोर्टच्या १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या. त्या चिपच्या ८ व २२ या पायांना जोडल्या. ७ व २० या पायांना ७८०५ रेग्युलेटरमधून ५ व्होल्ट दिले आणि ७ व ८ या पायांच्या अगदी जवळ १०४ छापाचा डिस्क कपॅसिटर लावला. झाला प्रोग्रामर! त्यात दुसरी चिप नाही की काही नाही.

आत काय घडते तेही पाहू. रिसेटचा पाय खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर, धरला की चिप आपली आज्ञावली थांबवून ऐकू लागते. संगणक तिला चार बाइट पाठवितो, त्यांतील दुसरा ५३ असतो. चिप जागी असेल तर तिसरा बाइट जात असताना हाच ५३ परत येतो. हाक मारल्यावर ओ द्यावी तसे हे आहे. त्यानंतर एव्हीआरड्यूड ही मोफत आज्ञावली चिपची ओळख विचारते. एटमेगा८ चे उत्तर १ई ९३ ०७ असे येते. आम्हांला पहिले दोन रविवार नुसती शून्येच दिसली. कारण क्षुल्लक निघाले : तार मीटरभर लांब होती आणि २० वा पाय मोकळा राहिला होता. तार वीतभर केली, पाय जोडला आणि ओळख आली. त्या दिवशीचा चहा सर्वांना गोड लागला.

खरी परीक्षा फ्यूज बिटांची. हे वितळणारे फ्यूज नव्हेत. चिपने कोणत्या घड्याळावर चालावे इत्यादी गोष्टी ठरविणाऱ्या या खुणा आहेत. यांत शून्य म्हणजे 'चालू' आणि एक म्हणजे 'बंद', असा उलटा न्याय आहे. नवी चिप आतील १ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. आम्हांला बाहेरचा क्रिस्टल लावायचा होता. चुकून 'बाहेरून घड्याळ मिळेल' अशी खूण गेली. चिप गप्प झाली. वर्गणी काढून दोनच चिपा आणल्या होत्या, त्यांतली एक गेली म्हणून सर्वांचे चेहरे उतरले. ज्याने बटण दाबले तो मुलगा तर पुढच्या रविवारी आलाच नाही.

पण चिप मेली नव्हती, ती घड्याळाची वाट पाहत होती. दुसऱ्या चिपमध्ये एक पाय सतत वर-खाली करणारी चार ओळींची आज्ञावली घातली, तो पाय गप्प चिपच्या ९ व्या पायाला जोडला आणि दोघींचे ग्राउंड एक केले. माहितीचे घड्याळ चिपच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशाहून सावकाश हवे, म्हणून संगणकाला बिट हळू पाठविण्यास सांगितले. ओळख परत आली, खूण दुरुस्त केली. त्या मुलाला घरून बोलावून आणले आणि शेवटची आज्ञा त्याच्याच हातून देवविली. मात्र रिसेट बंद करणाऱ्या खुणेला चुकूनही हात लावू नये. तसे झाल्यास रिसेटच्या पायाला १२ व्होल्ट देणारा वेगळाच प्रोग्रामर लागतो.

नव्या संगणकांना पॅरलल पोर्ट सहसा नसते आणि यूएसबीवरून प्रिंटर जोडण्याची तार येथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी मित्राचे अर्डुइनो उनो मागून आणावे. त्यात अर्डुइनोआयएसपी ही तयार आज्ञावली घालावी. ११, १२, १३ या पिना अनुक्रमे चिपच्या १७, १८, १९ या पायांना आणि १० ही पिन रिसेटला जोडावी. अर्डुइनोमध्ये आज्ञावली घालून झाल्यावर त्याच्या रिसेट व ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, नाहीतर ते स्वतःच पुन्हा सुरू होत राहते.

थॉमस फिशल यांनी यूएसबीएएसपी नावाच्या प्रोग्रामरचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यातही एटमेगा८ चालते आणि ती आधी भरलेली असावी लागते. म्हणजे कोंबडी आधी की अंडे! आमची ती गप्प झालेली चिप आता तेथेच बसविली आहे आणि नवीन मुलांच्या चिपा तीच भरते.