आधी घडी घाला, मग सॉफ्टवेअर निवडा!

डिसेंबर जवळ आला की कॉलेजात फेस्टचं वारं सुटतं. कमिट्या ठरतात, स्पॉन्सरसाठी पळापळ सुरू होते आणि पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘अरे, दाखवायला एक ब्रोशर तर हवं!’ पुढचा प्रश्न ठरलेला : ‘कशात करायचं? कॅन्वा की कोरल?’ ग्रुपमधल्या ‘डिझाइन येणाऱ्या’ मित्राकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. त्या मित्राने लॅपटॉप उघडण्याआधी एक कोरा ए-फोर कागद घ्यावा आणि दोन घड्या घालून त्याचे तीन भाग करावेत.

गंमत नाही, ब्रोशरचं अर्धं डिझाइन इथेच ठरतं. आडव्या ए-फोरची रुंदी २९७ मिलिमीटर. तीन भागांत सारखी वाटली की प्रत्येकी ९९, हिशेब संपला! पण आत दुमडली जाणारी पाकळी बाकी दोघांएवढीच रुंद असेल तर ती घडीत अडकते आणि ब्रोशर फुगून बसतं. म्हणून ती थोडी कमी ठेवतात : १००, १०० आणि ९७. बाहेरच्या बाजूला डावीकडून आधी ९७ची पाकळी, मग मागचं पान आणि उजवीकडे कव्हर. आतल्या बाजूला क्रम उलटा : १००, १००, ९७. घडी घातलेल्या कागदावर पेनाने ‘कव्हर’, ‘मागचं पान’, ‘पाकळी’ असं लिहून ठेवा. तयार टेम्प्लेट वापरणार असाल तरी त्यातली मापं या कागदाशी ताडून बघा.

आता सॉफ्टवेअर. फाइल शेवटी उघडणार प्रेसवाला. त्यामुळे पहिला फोन त्याला : ‘काका, फाइल कशात देऊ? पीडीएफ चालेल का?’ आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपी सेंटरमध्ये आणि छोट्या प्रेसमध्ये कोरलड्रॉ असतं. तुमच्याकडे ते नसलं तरी अडत नाही, नीट केलेली पीडीएफ सहसा सगळीकडे चालते.

कॅन्वा शिकायला सोपं. ब्राउझरमध्ये चालतं आणि चौघं मिळून एकाच डिझाइनवर काम करू शकतात. डाउनलोड करताना मात्र साधी इमेज न घेता ‘पीडीएफ प्रिंट’ निवडा. इनडिझाइन खास पानं मांडण्यासाठीच बनलेलं, पण त्याला पैसे मोजावे लागतात. खिसा रिकामा असेल तर स्क्रायबस आहे. ते फुकट आणि ओपन सोर्स असून छपाईचे रंग, घडीच्या गाइडलाइन्स, पीडीएफ असं सगळं देतं. हात बसायला दोन-चार संध्याकाळी जातील, एवढंच. फोटोशॉप फोटो सुधारायला घ्या, सहा भागांचा मजकूर त्यात मांडत बसू नका.

मराठी ब्रोशर असेल तर खरी परीक्षा जोडाक्षरांची. जुने डीटीपी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवून बनवलेले असतात. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की तुमच्या स्वागतपर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये ही अडचण नाही, पण काही सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या युनिकोड मराठी नीट जुळवत नाहीत. वेलांटी भलत्या अक्षराला लागते, रफार सुटतो. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नाही तर हाच प्रकार होतो. स्क्रायबस घेणार असाल तर १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या.

म्हणून सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात फक्त चार शब्द टाइप करा : विद्यार्थी, उत्कृष्ट, कार्यक्रम, तऱ्हा. त्याची पीडीएफ काढून दुसऱ्याच्या मोबाइलवर बघा. चारही शब्द शाबूत, तर सॉफ्टवेअर पास. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. मुक्त बारीक मजकुराला, बलू मथळ्याला. प्रेसवाला ‘टेक्स्ट कर्व्ह करून आणा’ म्हणाला, तर अक्षरांचे आकार होतात आणि नंतर त्यात दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे मूळ फाइलची कॉपी वेगळी ठेवा.

बाकी तीन गोष्टी. एक, कागद कापताना कड थोडी सरकते. म्हणून रंग किंवा फोटो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्या, म्हणजे फाइल ३०३ बाय २१६ची होईल. मजकूर मात्र कडेपासून आणि घडीपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. दोन, स्क्रीनचे रंग प्रकाशाचे आणि छपाईचे शाईचे. स्क्रीनवरचा झगमगता निऑन हिरवा कागदावर मळकट उतरतो, असे रंग टाळलेलेच बरे. तीन, फोटो ३०० डीपीआयचे हवेत. एका भागाची रुंदी भरायला साधारण १२०० पिक्सेल लागतात. स्पॉन्सरचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून आलेला लोगो दाबला जातो आणि छापल्यावर कडा फाटलेल्या दिसतात.

हे सगळं सांभाळायचं कारण पैसा. शे-दोनशे प्रती डिजिटल प्रिंटवर निघतात, पण हजारांत छापायचं तर ऑफसेट परवडतं. तिथे चार रंगांच्या चार प्लेट लागतात. प्रमुख पाहुण्यांच्या आडनावातली चूक छपाईनंतर सापडली, तर नव्या प्लेट आणि नवा कागद. तो खर्च फेस्टच्याच बजेटमधून जाणार आणि बोलणी त्या एकट्या डिझाइनवाल्या मित्राला बसणार! खरं तर चूक बऱ्याचदा मजकूर रात्री बाराला, तीन तुकड्यांत पाठवणाऱ्यांची असते. त्यामुळे डिझाइन सुरू होण्याआधी सगळा मजकूर एका फाइलमध्ये पक्का करा आणि तो कुणी तपासला त्याचं नावही त्यात लिहा.

छपाईला देण्याच्या आदल्या दिवशी कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एक पाठपोट प्रिंट काढा. सेटिंगमध्ये ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडा, नाहीतर मागची बाजू उलटी येईल. घडी घाला आणि कमिटीत नसलेल्या एखाद्या मैत्रिणीच्या हातात द्या. तारीख, जागा आणि फोन नंबर तिला न विचारता सापडले, तर फाइल प्रेसला पाठवायला हरकत नाही.