क्रॉलरच्या टायरात हवा कोंडू नका

रिमोटवरचा रॉक क्रॉलर नव्याने बांधणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: रिमला असलेली बारीक भोकं फेविक्विकने नाहीतर टेपने बुजवून टाक. पाणी शिरत नाही, हवा आत राहते, टायर टाइट होतो आणि दगडावर दबत नाही. यातलं शेवटचं खरं आहे, आणि खरी अडचण तीच आहे. दगडावर दबणं हेच त्या टायरचं काम. पैसे मोजून मऊ टायर आणायचे आणि मग त्यांना ते कामच करू द्यायचं नाही, हे बघवत नाही.

1/10 मापाच्या क्रॉलरच्या टायरात हवा भरायला व्हॉल्व्ह नसतो. आत फोमचं कडं असतं. गाडीचं वजन हा फोम आणि रबराची साइडवॉल मिळून पेलतात. टायर दगडावर दबला की आतली हवा भोकातून बाहेर पडते, दगडावरून उतरला की परत आत शिरते. चाक कानाजवळ धरून अंगठ्याने दाबलंत तर ही फुसफुस स्पष्ट ऐकू येते. ती ऐकू आली नाही, तर भोक बुजलेलं आहे असं समजा.

"पण खऱ्या जीपच्या टायरात तर हवाच असते की!" असते. आणि म्हणूनच जीपचा हिशेब इथे लावता येत नाही. गाडी दहापट लहान केली की क्षेत्रफळ शंभरपट आणि वजन हजारपट घटतं. दोन टनांची जीप दोन किलोची होते. म्हणजे टायर जिथे टेकतो तिथला दाब खऱ्या गाडीच्या एकदशांशच उरतो. खडकाळ वाटेला लागताना जीपवाले तीस-पस्तीस पाउंड हवा पंधरा-वीसवर उतरवतात. त्याचा दहावा भाग म्हणजे दीड ते दोन पाउंड. तुमच्या क्रॉलरच्या टायरला एवढाच दाब परवडतो.

आता भोकं बुजवून पाहा. दगडावर दबताना आतली जागा 10 टक्क्यांनी घटली, तर बॉइलच्या नियमाने आतल्या हवेचा दाब 11 टक्क्यांनी वाढतो. वातावरणाचा दाब 14.7 पाउंड; त्याचे 11 टक्के म्हणजे 1.6 पाउंड. सगळी सवलत तिथेच संपली. मग फोम कितीही निवडून आणा, रबर कुठल्याही कंपनीचं घ्या, टायर त्यापुढे फारसा दबत नाही. त्यात सावलीत 25 अंशांना बंद केलेला टायर एप्रिलच्या उन्हात 45 अंशांपर्यंत तापला की आणखी पाउंडभर दाब चढतो. गाडी दगडाच्या कडेवर चेंडूसारखी उसळते, आणि दोष मात्र टायर बनवणाऱ्याला मिळतो.

यावर कुणीतरी शाळेतला नियम काढतंच: घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, मग टायर दबला काय आणि न दबला काय? धातूसारख्या कडक पदार्थांना तो नियम बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला नाही. के. ए. ग्रोश यांनी 1963 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'प्रोसिडिंग्ज'मध्ये प्रयोगांनिशी दाखवलं की रबराची पकड दोन गोष्टींतून येते: रबराचं पृष्ठभागाला चिकटणं, आणि खडबडीत उंचवट्यांवर दबून सुटताना रबराच्या आत खर्ची पडणारी ऊर्जा. पुढे 2001 मध्ये बी. एन. जे. पर्सन यांनी रबराच्या घर्षणाचा गणिती सिद्धांत मांडला. रबर दगडाच्या खळग्यांत शिरलं तरच या दोन्ही गोष्टी साधतात. शिवाय दबलेला टायर दगडाच्या कोपऱ्याला मिठी मारतो आणि त्या कोपऱ्यालाच धरून गाडी वर ओढतो. सह्याद्रीच्या कोरड्या, खरखरीत बेसाल्टवर बंद आणि उघडं चाक एकामागोमाग चालवून बघा, वाद उरणार नाही.

पाण्याची भीती मात्र रास्त आहे. ओढ्यातून गाडी काढली की साधा स्पंज पाणी पितो आणि चाक जड होतं. उपाय असा: रिमची भोकं टेपने बंद करा, पण त्याआधी टायरच्या नक्षीच्या मधोमध, गट्ट्यांमधल्या खाचेत, दोन-तीन भोकं पाडा. हवा तिथून ये-जा करते आणि चाक फिरताना पाणी तिथूनच बाहेर फेकलं जातं. घरी आल्यावर चाकं वाळवायचीच.

दबणं महत्त्वाचं म्हणून फोम लोण्यासारखा घेऊ नका. आडव्या उतारावर खालच्या बाजूचे टायर पूर्ण बसतात आणि गाडी लोळते. आत कडक आणि बाहेर मऊ असा दुहेरी फोम मिळतो, तो याचसाठी. टायर निवडताना कंपनीच्या नावाआधी फोम बघावा, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'2.2 म्हणजे 1.9 पेक्षा उंच टायर.' हा आकडा रिमच्या व्यासाचा आहे, इंचांत. 4.75 इंच उंचीचा टायर दोन्ही रिमवर मिळतो, 1.9 वर साइडवॉल जास्त उरते, म्हणजे दबायला जागाही जास्त.

'मोठा टायर, जास्त चढाई.' मोठं चाक उंच पायरी चढतं, हे खरं. पण 4.19 वरून 4.75 इंचांवर गेलात तर ॲक्सलखाली जेमतेम 7 मिमी मिळतात. त्या बदल्यात मोटरवरचा ताण 13 टक्क्यांहून जास्त वाढतो आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. पिनियन लहान करायची तयारी असेल तरच हा बदल करा.

'सगळ्यात मऊ रबर सगळ्यात चांगलं.' पकड छान, पण धारदार दगडावर ते लवकर फाटतं आणि झिजतं.

'चिखलाचे खोल गट्टे दगडावरही चालतात.' उंच गट्टे वाकतात आणि घसरतात. दगडाला बारीक चिरा असलेले लहान गट्टे हवेत.

'चारही चाकांत वजनासाठी सारखं पितळ भरावं.' चढावर वजन आपोआप मागे जातं आणि पुढची चाकं उचलली जातात. म्हणून पितळ आधी पुढच्या चाकांत. मागे भरलेलं पितळ गाडीला मागेच खेचतं.

'बीडलॉकची रिंग शोभेची.' अस्सल बीडलॉकमध्ये टायर न चिकटवता पक्का बसतो, त्यामुळे फोम बदलता येतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि रिंगभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहा. शोभेचे खोटे स्क्रू असलेलं रिमही बाजारात मिळतं, तेव्हा विचारून घ्या.

'12 मिमीचा हेक्स आहे, म्हणजे रिम बसणारच.' हेक्सवर बसेल, पण लहान रिम आतून स्टीअरिंग नकलला घासू शकतं, विशेषतः पितळी नकल लावले असतील तर. रिम घेण्याआधी तिथली जागा कॅलिपरने मोजा आणि चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.