किलोभर वजनाचा ‘स्वयम्’

कॉलेजांचे वार्षिक वृत्तान्त वाचण्याची हौस फारच थोड्या वाचकांस असते, आणि त्यांत वाचकांचा दोष आहे असें म्हणवत नाहीं. अमुक इतके विद्यार्थी पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले, अमुक ढाल मिळाली, अमक्या पाहुण्यांच्या हस्तें बक्षिसें वांटलीं गेलीं, रक्तदान झालें, झाडें लावलीं, हा मजकूर बहुतेक संस्थांत केवळ तारखा बदलून वर्षानुवर्षें छापला जातो. परंतु एखाद्या वर्षीं अशा वृत्तान्तांत एकच ओळ अशी येते, कीं तिच्यापुढें बाकीचीं पानें फिकीं पडावीं. पुण्याच्या सरकारी एंजिनियरिंग कॉलेजाच्या वाट्यास असें वर्ष २०१६ सालीं आलें.

त्या वर्षीं २२ जून रोजीं सकाळीं श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी ३४’ या अग्निबाणानें एकाच उड्डाणांत २० उपग्रह अंतराळांत नेले. त्यांतील मुख्य उपग्रह कार्टोसॅट मालिकेंतील असून त्याचें वजन ७०० किलोंहून अधिक होतें. १७ उपग्रह परदेशीयांचे होते. उरलेल्या दोहोंपैकीं एक चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा, आणि दुसरा पुण्याच्या या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं घडविलेला. त्याचें नांव ‘स्वयम्’, वजन सुमारें एक किलो, आणि आकार इतका लहान, कीं देवघरांत पळी-पंचपात्राशेजारीं तो सहज मावला असता.

नांव ठेवणाऱ्यांस संस्कृताचें अंग असावें. ‘स्वयम्’ हें अव्यय आहे. तें कोणत्याहि विभक्तीचा प्रत्यय घेत नाहीं व वाक्यांत कोठेंहि आलें तरी आपलें रूप पालटीत नाहीं. या उपग्रहाची मुख्य करामतहि तशीच होती. अंतराळांत सोडलेला उपग्रह गरगर फिरूं लागतो, आणि दिशा सांवरली नाहीं तर त्याच्याशीं संदेशांची देवघेव करणें कठीण होतें. मोठ्या उपग्रहांत याकरितां फिरतीं चाकें व इतर यंत्रें बसवितात. पण तीं जागा अडवितात आणि वीजहि खातात. किलोभर वजनांत हा सगळा संसार कोठें मांडणार? म्हणून विद्यार्थ्यांनीं एक जुनी, साधी वस्तु उपयोगांत आणली. ती म्हणजे लोहचुंबक. होकायंत्राची सुई जशी उत्तर धरते, तसा चुंबक बसविलेला उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रास अनुसरून आपली दिशा धरतो. मात्र सुई स्थिरावण्यापूर्वीं बराच वेळ डोलत राहते, हें आपण पाहतोंच. तें डोलणें शमविण्यासाठीं विशिष्ट धातूच्या बारीक कांड्या घालतात. डोलण्यांतली शक्ति त्यांत उष्णतेच्या रूपानें हळूहळू जिरून जाते. यांत विजेचा एक कणहि खर्ची पडत नाहीं. वैयाकरण एवढेंच म्हणेल, कीं पृथ्वीचा आधार घेणाऱ्यास ‘स्वयम्’ कसें म्हणावें. पण असा आधार कोणास चुकला आहे?

उपग्रहाचें नियोजित कामहि लोकोपयोगी होतें. हौशी रेडिओवाले, ज्यांस ‘हॅम’ म्हणतात, त्यांचे निरोप या गांवाहून त्या गांवीं पोंचविण्यासाठीं तो घडविला होता. सुमारें ५०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची प्रदक्षिणा साधारण दीड तासांत होते. डोक्यावरून जातांना निरोप स्वीकारावा आणि दुसऱ्या मुलखावरून जातांना तो खालीं उतरवावा, अशी ही टपालाचीच योजना. पूर किंवा भूकंप होऊन तारा तुटतात आणि मोबाईलचे मनोरे मुके होतात, तेव्हां हौशी रेडिओवाल्यांचें मोल लोकांस कळतें.

परंतु या गोष्टींत मला जो भाग सर्वांत मोठा वाटतो, तो यंत्राचा नसून माणसांचा आहे. हें काम २००८ सालीं सुरू झालें व सिद्धीस जाण्यास आठ वर्षें लागलीं. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनीं पहिल्या आकृत्या काढल्या, ते उड्डाणापूर्वींच कॉलेज सोडून नोकरीधंद्यास लागले होते. आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत अग्निबाण उडाला, त्यांनीं आरंभ पाहिलाच नव्हता. एकंदर १७० हून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्यास लागले. दरसाल जुनीं मुलें जात, नवीं येत, आणि जाणाऱ्यांनीं आपणांस उमगलेलें सारें येणाऱ्यांस शिकवूनच जावयाचें. वडीलधाऱ्या विद्यार्थ्यानें धाकट्यास संथा द्यावी, अशी आपल्या पाठशाळांतून रीत होती; ती येथें तारा, पट्ट्या आणि सूत्रें यांच्या संगतींत पुन्हां दिसते. एकानेंहि आपली विद्या गांठीं बांधून नेली असती, तर पुढच्यांस ओनाम्यापासून आरंभ करावा लागला असता.

शिवाय हें काम परीक्षेसारखें नव्हे. पुस्तकांतील उदाहरणाचें उत्तर मागच्या पानावर असतें, आणि चुकलें तर फार तर दोन गुण जातात. अंतराळांत गेलेल्या उपग्रहाचा सैल राहिलेला स्क्रू पिळण्यास पुन्हां कोणी जाऊं शकत नाहीं. म्हणून उड्डाणाचे हादरे, कडक ऊन, कडक थंडी आणि निर्वात स्थिति या साऱ्यांतून यंत्र आधींच पारखून घ्यावें लागतें. आपल्या घरांतून मूल रात्रीं उशिरां कॉलेजांतून आलें, तर ‘याचे मार्क किती?’ असा पहिला प्रश्न निघतो. अशा कामाचें मोजमाप त्या तराजूंत कसें करावें, हा प्रश्न घरच्या वडील मंडळींनींहि एकदां मनाशीं करून पाहावा.

संस्था मात्र नवी नाहीं. १८५४ सालीं सार्वजनिक बांधकामासाठीं माणसें तयार करण्याच्या हेतूनें ती निघाली. पुढें खडकवासल्याच्या धरणास आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच १८८३ सालीं एंजिनियर झाले. २००३ सालीं कॉलेजास स्वायत्तता मिळाली व २०२२ सालीं तें विद्यापीठ झालें. पुणेकरांशीं त्याचा घरोबा आहे तो बहुतांशीं नदीमुळें. १९२८ पासूनच्या येथल्या बोट क्लबाचा ‘रेगाटा’ पाहण्यास कांठावर मुलाबाळांसह कुटुंबेंच्या कुटुंबें जमतात. नदीच्या पाण्याची आज जी कळा झाली आहे, तिच्याविषयीं न बोललेलेंच बरें.

‘स्वयम्’नंतर तीन महिन्यांनीं, २६ सप्टेंबर २०१६ रोजीं, मुंबईच्या आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह गेला. तोहि मुलांच्या अनेक पिढ्यांच्या हातांतून उतरलेला. इकडे पुण्याच्या मुलांनीं दुसऱ्या उपग्रहाचा विचार आरंभिला, आणि कल्पना घेतली ती शिडाची. सूर्याचा प्रकाश पातळ, रुंद पडद्यावर पडला म्हणजे त्यास अत्यल्प पण सतत रेटा देतो. त्या रेट्यावर, इंधनाचा थेंबहि न जाळतां, उपग्रहाची कक्षा बदलतां येईल काय, हें त्यांस पाहावयाचें आहे.