पडद्यांची चवड

मोबाइलवरील ॲपमध्ये एका वेळी बहुधा एकच पडदा दिसतो. रेल्वेचे तिकीट काढू इच्छिणारा मनुष्य प्रथम गाड्यांची यादी पाहतो, नंतर एका गाडीचा तपशील, त्यानंतर प्रवाशांची नावे भरावयाचा तक्ता व शेवटी पैसे भरण्याचा पडदा. मध्येच विचार बदलला, तर तो ह्याच पायऱ्या उलट क्रमाने उतरतो. आपण कोणत्या वाटेने आलो, हे त्याला स्मरणात ठेवावे लागत नाही. ते काम ॲपचे असते. ते कसे साधते, हे आता पाहू.

स्वयंपाकघरातील ताटांची चवड डोळ्यांपुढे आणावी. नवे ताट सर्वांत वर ठेवले जाते आणि उचलतानाही वरचेच प्रथम उचलले जाते. शेवटी आलेले आधी जाते, हाच तिचा नियम. संगणकशास्त्रात अशा मांडणीस ‘स्टॅक’ ही संज्ञा आहे. म्यूनिक येथील क्लाउस सामेलसन व फ्रिड्रिश बाउअर ह्या शास्त्रज्ञांनी गणिती सूत्रे यंत्राकडून सोडवून घेण्यासाठी ही कल्पना योजिली व १९५७ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला.

अँड्रॉइड व आयफोन ह्या दोन्ही प्रकारच्या फोनांसाठी तेच ॲप दोनदा लिहिण्याचा खटाटोप टाळता यावा, म्हणून काही साधने निर्माण झाली. फेसबुकने २०१५ मध्ये ‘रिॲक्ट नेटिव्ह’ खुले केले. गूगलच्या ‘फ्लटर’ची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फ्लटरमध्ये ‘नॅव्हिगेटर’ नावाचा घटक पडद्यांची चवड सांभाळतो. ‘पुश’ ही आज्ञा नवा पडदा चवडीवर चढविते. ‘पॉप’ ही आज्ञा वरचा पडदा काढून घेते व त्याखालचा आपोआप दृष्टीस पडतो. उतरणारा पडदा खालच्या पडद्यास निरोपही देऊ शकतो. उदाहरणार्थ, स्थानक निवडण्याचा पडदा दूर होताना निवडलेल्या स्थानकाचे नाव मागे देऊन जातो.

आज्ञा एकच असली, तरी दोन्ही फोनांची रीत एक नसते. अँड्रॉइडमध्ये मागे जाण्याची सोय खुद्द फोनच पुरवितो. चवडीत शेवटचा पडदा उरला असता तिचा वापर केल्यास मनुष्य सामान्यतः ॲपमधून बाहेर पडतो. आयफोनमध्ये तसे बटन नाही. तेथे वरच्या डाव्या कोपऱ्यातील बाण दाबतात अथवा डाव्या कडेवरून बोट सरकवितात; पहिल्या पडद्यावर असे केल्याने काहीच घडत नाही. ज्याला जी सवय जडली आहे, तीच त्याच्या हातातील फोनवर चालली पाहिजे. ती न चालल्यास ॲप बिघडले, असेच तो समजतो.

ह्याहून गंभीर प्रश्न पैसे भरल्यानंतर उभा राहतो. तिकिटाचा पडदा चवडीवर नुसता चढविला, तर त्याखाली पैसे भरण्याचा पडदा तसाच राहतो. मागे वळलेला मनुष्य पुन्हा तेथेच पोहोचतो आणि व्यवहार अपुरा राहिला असे समजून दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा संभव असतो. म्हणून तिकीट दाखविताना मधले सर्व पडदे काढून केवळ पहिला ठेवावयाचा असतो. फ्लटरमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. तथापि एवढ्यावर विसंबणे योग्य नव्हे. जाळे मंद असताना तेच बटन दोनदा दाबले जाऊ शकते. म्हणून प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आल्यास दुसऱ्यांदा पैसे न घेण्याची व्यवस्था पैसे स्वीकारणाऱ्या संगणकावरही असावी लागते.

ह्याच्या उलट, अर्धवट भरलेला तक्ता सोडून कोणी मागे निघाल्यास त्यास आधी विचारणे इष्ट असते. अन्यथा भरलेला मजकूर पडद्याबरोबरच नाहीसा होतो. सारांश, कोणता पडदा चवडीत राहू द्यावा व कोणता काढावा, हा निर्णय यंत्र स्वतः घेत नाही. प्रत्येक पडद्यावरून मागे गेल्यास मनुष्य कोठे पोहोचावा, हे ॲप रचणाऱ्याने आधीच ठरवावयाचे असते.