तीन की सात

पहाटे ५:४५

धडगावात डोळे उघडले की आधी पंख्याकडे बघायचं. फिरत असला तर लाइट आहे. आज फिरतोय, म्हणजे टेबलावरचा बोर्डही रात्रभर चालला असणार. मे महिन्यात सातपुड्यात सहाच्या आधीच उजाडतं. आई त्याच्याही आधी उठून ओसरीत कैऱ्या निवडायला बसलेली असते, त्यामुळे घरभर कैरीचा आंबट वास आहे.

बोर्ड तळहाताएवढा आहे. रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, चार कोअर, ४ जीबी मेमरी. त्यातून निघालेल्या तीन बारीक वायरी माझ्या लॅपटॉपला जोडल्यात : काळी, पांढरी, हिरवी. एवढ्यावरच माझं पोट चालतं. पुण्याच्या ऑफिसात मोठी लॅब आहे, आत डोकावायची महागडी यंत्रं आहेत. इथे नानांचं शाळेतून निवृत्त होताना आणलेलं टेबल आहे आणि सिरीअल कन्सोल आहे.

रात्री रिलेला काम लावून झोपले होते. बोर्डाची वीज तोड, दहा सेकंद थांब, पुन्हा दे, बूट होतो का बघ. चाळीस वेळा. चाळिसातून नऊ वेळा तो सुरू होता होताच मेला.

६:३०

चहा घेत नऊ मरणांचे लॉग वाचले. दोन ठिकाणी फाइल सिस्टिमची तयारी चालू होती, एकदा नेटवर्कची, एकदा नुसता नवा प्रोसेस जन्माला येत होता. प्रत्येक वेळी जागा वेगळी. तीन दिवस मी त्या जागांच्याच मागे धावले. साप निघून गेल्यावर भुई धोपटत बसण्यातलाच तो प्रकार होता.

या कामाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अंधारात जागा होतो. आपल्याकडे मेमरी किती, ती कुठून कुठपर्यंत, स्क्रीन कुठे, घड्याळ कुठे, यातलं काही त्याला माहीत नसतं. त्याच्या आधी जागं झालेलं फर्मवेअर आणि बूटलोडर त्याच्या हातात एक कागद ठेवतात. त्या कागदाला डिव्हाइस ट्री म्हणतात. कागदावर जे लिहिलंय ते कर्नल खरं मानतो, पडताळून पाहण्याची सोय त्याच्याकडे नसते. आणि या वेळी काही चुकलं तर सांगायला तोंडही नसतं, कारण कन्सोलचा ड्रायव्हर अजून उठलेला नसतो. ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढी बूटलोडरची ओळ उमटते आणि पुढे शांतता. पहिल्या दिवशी मला फक्त ही शांतताच मिळाली होती. मग बूटच्या आदेशात ‘अर्लीकॉन’ घातलं. त्यामुळे कर्नल स्वतःचा ड्रायव्हर उठायची वाट न बघता फर्मवेअरच्या तोंडून बोलायला लागतो. तेव्हा कुठे मरतानाचे शब्द ऐकू यायला लागले.

८:००

गच्चीवर. शेजारच्या दोन मावश्या आल्यात. आईचा आणि त्यांचा वायदा असतो : कैऱ्या सोलायच्या तिघींनी मिळून, वाळवायच्या आमच्या गच्चीवर. सालं एका बाजूला, फोडी एका बाजूला, कोय वेगळी. फोड पातळ निघाली पाहिजे, कोयीला गर चिकटून राहता कामा नये. या भागात आमचूर हा मोठा हंगाम. फोडी पांढऱ्या वाळल्या तर भाव, पावसाचा एक सडाका पडून काळ्या झाल्या तर व्यापारी हातात घेऊन नुसता मान हलवतो. पावरी बोलीतून काहीतरी चेष्टा चालली होती. मला अर्धी कळली, आणि ती माझ्या लग्नाबद्दल होती.

रेंज गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बरी येते. त्यामुळे साडेनऊची मीटिंगही आमचुराच्या शेजारीच.

९:३०

टीम लीडचं म्हणणं, रॅम खराब असेल. दर वेळी वेगळ्या जागी मरतंय म्हणजे हार्डवेअर. सोयीचा निष्कर्ष आहे हा. हार्डवेअरवर ढकललं की सॉफ्टवेअरवाल्यांना जेवता येतं. मी म्हटलं, जुना कर्नल याच बोर्डावर महिनोन्महिने चाललाय. ६.१ चालतो, ६.६ मरतो. त्याने विचारलं, मग बायसेक्ट का करत नाहीस?

बायसेक्ट म्हणजे दोन आवृत्त्यांमधल्या हजारो बदलांचे सारखे अर्धे भाग करत जायचं. मधली आवृत्ती चालली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. पण ही रीत साक्षीदार खरं बोलत असेल तरच चालते. माझा बोर्ड चाळिसातून एकतीस वेळा ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगतो. एकदा चुकीच्या अर्ध्यात शिरलं की पुढची प्रत्येक पायरी वाया.

क्यूएमूवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली मशीनवर, तर हा दोष दिसतच नाही. तो का दिसत नाही, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

१०:१५

आज जागांचा नाद सोडला आणि नऊही लॉगमध्ये काय सारखं आहे एवढंच पाहिलं. मरताना कर्नल तीन गोष्टी सांगतो : कुठला हुकूम चालू होता, कुठल्या पत्त्याला हात लावला, आणि कारण. कारणाच्या रकान्यात नऊही वेळा ७ होता.

सात म्हणजे लिहिताना झालेला ॲक्सेस फॉल्ट. लिहितानाच होणारा पेज फॉल्ट असता तर १५ आला असता. तीन दिवस मी ७ बघून मनात १५ वाचत होते, कारण कर्नलवाल्यांच्या आयुष्यात रोज येतो तो पेज फॉल्ट. दोन्हींतला फरक समजायला ओसरीत डोकावलं तरी पुरे होतं. नानांसमोर ओसरीत दोन माणसं कागद घेऊन बसली होती, वनहक्काच्या दाव्याचे. कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा लागतो, मग मोजणी, मग समित्या. नाना नकाशा आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून बोटाने बांध दाखवत होते.

पेज टेबल म्हणजे कर्नलचा सातबारा. ज्या पत्त्याची त्यात नोंदच नाही तिथे हात लावला की पेज फॉल्ट. ॲक्सेस फॉल्ट मात्र नोंद पक्की असूनही होतो. सातबारा घेऊन माणूस शेतात जातो आणि तिथे दुसऱ्याच कोणाचं कुंपण असतं. रिस्क-फाइव्हमध्ये या कुंपणाला पीएमपी म्हणतात. सगळ्यात आधी उठणारं फर्मवेअर, आमच्याकडे ओपनएसबीआय, स्वतः बसलेल्या मेमरीभोवती ते घालतं, आणि मग कर्नलने तिथे पाऊल टाकलं की प्रोसेसर तिथेच अडवतो. उपमा लंगडी आहे. जंगलातल्या कुंपणापाशी निदान वाद तरी घालता येतो.

कॉलेजात एक्सव्ही-६ नावाची शिकवणीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यात सुरुवातीलाच पीएमपीच्या दोन ओळी आहेत : एका रजिस्टरमध्ये मोठ्ठा पत्ता, दुसऱ्यात ‘एफ’. अर्थ, सगळी मेमरी सगळ्यांना खुली. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते कुंपण नेमकं कशासाठी असतं हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही नाही.

१२:१०

आता चाळिसातलं नऊ चाळिसातलं चाळीस करायचं. कधीतरी मरणारा दोष पकडता येत नाही. दर वेळी मरायला लागला की अर्धं काम झालं.

विचार असा केला. कर्नलला मोकळी वाटणारी, पण खरंतर कुंपणाआड असलेली काही पानं आहेत. ती कोणाच्या वाट्याला येतील याचा नेम नाही, म्हणून मरणाची जागा बदलते. मग आपणच सगळी मोकळी पानं एकदा हाताळून का बघू नयेत? कर्नलमध्ये त्यासाठी ‘मेमटेस्ट’ नावाची जुनी सोय आहे. बूट होताना, मेमरी अजून कोणाला वाटलेली नसताना, प्रत्येक मोकळ्या पट्ट्यात खालून वर आकडे लिहून तपासते. मुळात खराब रॅम शोधण्यासाठी आहे. लीडचंही समाधान होईल.

कर्नल पुन्हा बांधायला लावला. पाऊण तास.

१:००

लाइट गेली.

ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, कैरीचा ठेचा. लॅपटॉपची बॅटरी बांधणीत संपत होती, म्हणून बांधणी थांबवली. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि राउटर एवढंच चालतं, आणि पंखा नानांच्या दुपारच्या झोपेचा आहे.

वायरमनला फोन लावला. म्हणाला, घाटात झाड पडलंय, बघतोय.

३:२०

लाइट आली. बांधणी पूर्ण. बूटच्या आदेशात ‘मेमटेस्ट=१’ घातलं आणि वीज दिली.

मेला. पुन्हा दिली. मेला. पाच वेळा पाच मरणं, त्याच जागी. या खात्यात आनंदाची व्याख्या जरा वेगळी आहे.

मेमटेस्ट प्रत्येक पट्टा तपासण्याआधी त्याची हद्द छापतं. शेवटची छापलेली ओळ ८००४०००० पासून सुरू होत होती. म्हणजे कर्नलच्या मते पहिली मोकळी जागा तिथून, आणि पहिल्याच घासाला खडा. ‘मेमब्लॉक=डीबग’ लावून कर्नलच्या हिशेबातली राखीव जागा छापून घेतली : ८००००००० ते ८००३ आणि पुढे चार एफ. २५६ केबी.

मग लॉग वर सरकवत नेला, कर्नलच्याही आधी, बूटलोडरच्याही आधी. ओपनएसबीआय उठताच आपली पाटी छापतं, मोठ्या अक्षरात नाव आणि खाली बऱ्याच ओळी. त्या ओळी कोणी वाचत नाही. त्यात कुंपणाची हद्द होती : ८००००००० ते ८००७ आणि पुढे चार एफ. ५१२ केबी.

तीन की सात, एवढाच फरक. मधली २५६ केबी म्हणजे चार-चार केबीची ६४ पानं. कर्नल ती आपली समजून वाटत होता, आणि कुंपण ती आपली समजून अडवत होतं. प्रत्येक लॉगच्या माथ्यावर ही ओळ तीन दिवस होती. मी दर वेळी ‘स्टार्टिंग कर्नल’ शोधून तिथून खाली वाचत होते.

४:००

फर्मवेअर तीनशे केबीच्या आसपास आहे. पण आमच्या मांडणीत पीएमपीच्या एका नोंदीने घातलेलं कुंपण दोनाच्या घाताच्या मापाचंच असतं : २५६ नाही पुरलं की थेट ५१२. हे ओपनएसबीआयला माहीत असतं आणि तेवढी जागा राखीव म्हणून ते डिव्हाइस ट्रीत लिहूनही ठेवतं. आमचा बूटलोडर मात्र तो कागद बाजूला ठेवून एसडी कार्डावरची जुनी फाइल कर्नलला देत होता. तिच्यात कोणीतरी, फर्मवेअर लहान असतानाच्या काळात, हाताने २५६ लिहून ठेवलंय. क्यूएमूवर फर्मवेअरने दुरुस्त केलेला कागदच पुढे जातो, म्हणून तिथे दोष नाही.

मग जुना कर्नल कसा चालायचा? दोन्ही लॉग शेजारी शेजारी उघडले. ६.१ च्या लॉगमध्ये एक ओळ होती : ‘इग्नोअरिंग मेमरी रेंज ८००००००० - ८०२०००००’. ६.६ मध्ये ती नाही. जुना कर्नल स्वतः जिथे उतरला त्याच्या खालची दोन एमबी मेमरी सरळ सोडून द्यायचा. त्याच्या नकाशाची सुरुवातच स्वतःपासून व्हायची. २०२३ मध्ये ६.४ आला तेव्हा हे बदललं. नकाशा मेमरीच्या खऱ्या सुरुवातीपासून काढला की मोठ्या मापाची पानं वापरता येतात आणि ती दोन एमबीही कामी येते. बदल चांगलाच आहे. चुकीचा आकडा आमच्या फाइलीत वर्षानुवर्षं झोपून होता, कारण त्या शेतात कोणी जातच नव्हतं.

५:००

मी २५६ चे ५१२ केले, जोडीला ‘नो-मॅप’ लिहिलं, म्हणजे कर्नल ती जागा आपल्या सातबाऱ्यावर चढवणारच नाही. मेमटेस्ट पहिल्या फेरीत पार.

लीडला पाठवलं. त्याने पाच मिनिटांत परत केलं. म्हणाला, उद्या फर्मवेअर ५१२ च्या वर गेलं की हेच पुन्हा होणार, पुढच्या माणसाला. आकडा दुरुस्त करू नकोस, बूटलोडरला फर्मवेअरचीच नोंद पुढे द्यायला लाव. बरोबर आहे त्याचं. सकाळच्या रॅमबद्दल मात्र तो एक शब्द बोलला नाही, आणि मीही काढला नाही.

बूटलोडरमधला बदल बावीस ओळींचा झाला. दोषाचा अहवाल त्याहून लांब. त्यात मी ओपनएसबीआयच्या पाटीतली ओळ आणि मेमब्लॉकची ओळ एकाखाली एक ठेवली, मध्ये काही न लिहिता.

६:३०

तोरणमाळच्या बाजूने ढग चढले आणि वारा सुटला. आई खालून ओरडली. लॅपटॉप तसाच टाकून गच्चीवर पळाले. साड्यांवर पसरलेल्या फोडी चारही टोकं धरून गोळा करायच्या, नुसतं ओढलं की फोडी सांडतात. एक टोक मी, एक मावशी. चार साड्या उतरवल्या तोवर आठ-दहा थेंब पडले आणि वारा ढग घेऊन गेला. आईने एक फोड मोडून बघितली, आतून ओलसर. उद्याचं ऊन लागणार.

नाना अजून कागदांतच होते. दाव्यात लिहिलेलं क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र जुळत नव्हतं. ती माणसं उद्या शिवारात पुन्हा टेप घेऊन जाणार आहेत.

रात्री १०:४०

नवा बूटलोडर चढवून रिलेला पुन्हा कामाला लावलं. शंभर वेळा. सत्ताविसाव्या बूटला लाइट गेली.

अंधारात लॅपटॉपचा उजेड तेवढा. कन्सोलवर अर्धी ओळ अडकलेली. गावात कुत्री भुंकताहेत, आईने ओसरीतून विचारलं, तुझं ते यंत्र बिघडलं का गं? म्हटलं, नाही, लाइट गेलीय.

अकराला पाच कमी असताना पंखा फिरायला लागला. बोर्डाचा हिरवा दिवा लागला, ओपनएसबीआयची पाटी उमटली. या वेळी वरून वाचायला सुरुवात केली.