फोर बाय फोर आहे ना ही? मग घसरली कशी? : बर्फात आणि उन्हातही चालणारे टायर

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

विषय टायर. हसू नका. मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला, "ताई, जानेवारीत पुण्याहून थार घेऊन मनालीला जायचंय. ऑल टेरेन टायर आहेत, म्हणजे बर्फाचं टेन्शन नाही ना?" मला लगेच माझी डेन्व्हरमधली पहिली थंडी आठवली. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी माझी फजिती ऐका.

कोलोराडोत आल्यावर मी जुनी टोयोटा फोररनर घेतली. आधीच्या मालकाने तिला मड टेरेन टायर लावले होते. आपले ट्रकवाले बटण टायर म्हणतात ना, तसे मोठमोठ्या ठोकळ्यांचे. गाडी अशी दिसायची की पार्किंगमध्ये लोक वळून बघायचे. मी खूश. डिसेंबरमध्ये आई-बाबा आले, त्यांना बर्फ बघायचा होता, म्हणून आय-७० हायवेने डोंगरात निघालो. आयझेनहॉवर बोगदा ३,४०१ मीटर उंचीवर आहे. तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्न गावाकडे लांबच लांब उतार लागतो. रस्ता नुसता ओला दिसत होता, वेग पन्नासच्या आसपास. पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइट लागले, मीही ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस कटकटकट करत राहिलं आणि गाडी तशीच पुढे. ट्रक वाचवायला स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, तर आधी काहीच झालं नाही. मग एकदम पकड आली आणि आम्ही कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसलो.

कुणाला खरचटलंही नाही. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. बाबा थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, "फोर बाय फोर आहे ना गं ही?"

त्या रात्री मी झोपले नाही, टायरबद्दल वाचत बसले. माझं बीटेक कॉम्प्युटरचं, पण फर्स्ट इयरला घर्षण सगळ्यांच्याच डोक्यावर बसतं.

फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, म्हणून गाडी निघते छान, चढते छान. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना माझी फोररनर आणि शेजारची छोटी सेदान सारख्याच लाचार. उलट फोर बाय फोर इतक्या सहज वेग घेते की रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही, ब्रेक दाबेपर्यंत.

आता थोडं गणित. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुसभुशीत पडतो, चाकाखाली दाबला जातो, तो स्नो. पाणी गोठून काच होते ते आइस. कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा ०.८ धरू, दाबलेल्या स्नोवर ०.२५, आइसवर ०.१. ताशी ५० किलोमीटरवरून सपाट रस्त्यावर थांबायला डांबरावर साधारण १२ मीटर लागतात, स्नोवर ३९, आइसवर ९८. आता सहा टक्क्यांचा उतार धरा. उतार तुमच्या ब्रेकमधून ०.०६ खाऊन टाकतो. स्नोवर ५२ मीटर होतात, ठीक आहे. पण आइसवर ०.१ मधून ०.०६ गेले, उरले ०.०४, म्हणजे जवळजवळ २४५ मीटर! तोच उतार ताशी ३० ने उतरलात तर ८८ मीटर. मी पन्नासने उतरत होते.

आता टायर काय करू शकतो ते बघू. रबर थंडीत कडक होतं. डब्यातलं साजूक तूप थिजतं तसंच. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पकड सोडायला लागतं, म्हणून थंडीच्या टायरमध्ये वेगळं, मऊ राहणारं मिश्रण वापरतात. दुसरी गोष्ट नक्षी. स्नोवर पकड येते ती बरीचशी नक्षीच्या खाचांत दाबून बसलेल्या स्नोमुळे. लहान मुलं बर्फाचा गोळा करतात तेव्हा स्नो स्नोला चिकटतो, तेच इथे होतं. तिसरी गोष्ट ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, ज्यांना साइप म्हणतात. जॉन साइप नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात त्यांचं पेटंट घेतलं, नाव त्याचंच. या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा आइसला खरवडतात.

आता माझे ते देखणे मड टायर आठवा. ठोकळे मोठे, चिरा जवळपास नाहीत, आणि दोन ठोकळ्यांमध्ये इतकी जागा की रस्त्याला टेकलेलं रबरच कमी. चिखलात राजा, खोल ताज्या स्नोमध्येही बरा, पण आइसवर मी जवळजवळ प्लॅस्टिकची चाकं लावून फिरत होते. आणि गंमत बघा, कायद्याने माझी गाडी बरोबर होती. आय-७० च्या डोत्सेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शनचा नियम असतो. गाडी फोर बाय फोर आणि नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे ४.८ मिलिमीटर खोल असली की तुम्ही पास. माझी नक्षी त्याच्या दुप्पट होती!

मग दुकानांच्या साइट बघायला लागले आणि डोकं फिरलं. ऑल सीझन, ऑल वेदर, ऑल टेरेन... सगळीकडे 'ऑल' आहे आणि सगळ्यांचा अर्थ वेगळा. यातून वाट काढायला टायरच्या बाजूवरच्या दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली 'एम प्लस एस', म्हणजे मड आणि स्नो. ही खूण फक्त नक्षीच्या रचनेवरून मिळते, त्यासाठी बर्फावर टायर फिरवून बघायची गरज नसते. माझ्या मड टायरवर ही खूण होती. दुसरी, तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकणाचं फूल. हिच्यासाठी खरी चाचणी असते. दाबलेल्या स्नोवर टायरने एका ठरावीक संदर्भ टायरपेक्षा साधारण दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते.

पण इथेच मला या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. ती चाचणी वेग घेतानाच्या पकडीची आहे. ब्रेकची नाही, वळणाची नाही, आणि आइसची तर नाहीच. म्हणजे ते फूल तुम्हाला सांगतं की हा टायर स्नोमध्ये गाडी पुढे नेईल. तेच काम फोर बाय फोर आधीच करत असते! माझा प्रश्न होता थांबायचा, आणि त्याचं थेट उत्तर एकाही खुणेत नव्हतं. तरीही फूल असलेलाच टायर घ्या. कारण ते मिळवायला कंपनीला थंडीत मऊ राहणारं रबर आणि चिरा सहसा द्याव्याच लागतात, आणि त्यांचा थोडा फायदा ब्रेकलाही होतो. फूल म्हणजे पासिंगचे मार्क समजा, डिस्टिंक्शन नाही.

"मग थंडीचे वेगळे टायरच का नाही घेतलेस?" हा प्रश्न मला आईनेही विचारला. खरं उत्तर, अपार्टमेंटमध्ये चार टायर ठेवायला जागा नाही. पण फक्त तेवढंच नाही. मी वर्षभराच्या ट्रिपा एक्सेलमध्ये मांडून बघितल्या (हो, मी तसलीच आहे). डेन्व्हरमध्ये स्नो पडतो, पण ऊन कडक असतं, दोन-तीन दिवसांत रस्ते कोरडे. डोंगरातल्या बर्फात माझे साधारण पंधरा दिवस. आणि वसंतात, शरदात युटामधल्या मोआबच्या खडकांवर दोन ट्रिपा, तिथे मऊ रबराचे लचके निघतात. म्हणजे मला खडक, ऊन आणि स्नो तिन्ही सांभाळणारा एकच टायर हवा होता, आणि आइसवर तो कमी पडणार हे आधीच मान्य करायचं होतं. वाईट हवेत मी दुसऱ्या दिवशी जाऊ शकते, ही माझी खरी सोय. माझी एक मैत्रीण वर डोंगरातच राहते, हॉस्पिटलात नाइट ड्युटी करते, पहाटे आइसवरून घरी येते. ती नोव्हेंबर ते एप्रिल वेगळे विंटर टायर लावते आणि तिचं बरोबरच आहे. तुम्ही तिच्यासारखे असाल तर हा भाग इथेच थांबवा आणि दुसरा सेट घ्या. दोन सेट आलटून पालटून झिजतात, त्यामुळे खर्चही वाटतो तितका दुप्पट होत नाही.

माझ्यासारखे असाल तर फूल असलेला ऑल टेरेन. बीएफ गुडरिचचा केओ२, फाल्कनचा वाइल्डपीक, टोयोचा ओपन कंट्री ए/टी थ्री ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. पण नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलच्या काही साइझवर फूल असतं आणि काहींवर नसतं. दुकानात गेलात की खाली वाका आणि स्वतः बघा.

साइझवरून आठवलं. माझी कंपनीची साइझ २६५/७० आर १७. हिच्यात दोन जाती मिळतात. साधी, जिच्यावर ११५ टी लिहिलेलं असतं, म्हणजे एक टायर १,२१५ किलो पेलतो. आणि एलटी, म्हणजे लाइट ट्रकची, १२१ एस, १,४५० किलो. ऑफरोडवाले मित्र सगळे म्हणाले, एलटी घे, भिंत जाड असते. मी साधी घेतली. एलटी कित्येक किलो जड, कडक, तेवढंच वजन पेलायला हवाही जास्त लागते, आणि कडक टायर थंडीत रस्त्याला नीट बसत नाही असा माझा अनुभव आहे. माझ्या गाडीवर ना छतावर तंबू, ना मागे ट्रेलर. मोआबला कधीतरी बाजूची भिंत फाटेल, ही जोखीम मी घेतलीय. पूर्ण साइझची स्टेपनी आणि पंक्चर किट जवळ असतं. तुम्ही सामान लादून खडकांत जात असाल तर तुमचं उत्तर वेगळं येईल. आणि रुंद टायरचा मोह नको. अरुंद टायर स्नो कापून खाली जातो, रुंद टायर वर तरंगतो. चार टायर, फिटिंग धरून, मला साधारण अकराशे डॉलर पडले. कळवळले, पण बॉडीचं काम त्याहून महाग पडलं असतं.

टायर घेतानाच त्याची तारीख बघा. बाजूवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. सेलमध्ये जुना माल खपवतात, आणि रबर वयाबरोबर कडक होतंच.

नक्षीचं सांगायचं तर कायद्याने १.६ मिलिमीटर म्हणजे टायर गोटा झाला. पण स्नोसाठी तो त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. काही टायरच्या चिरा पूर्ण खोलीपर्यंत जातच नाहीत, अर्धी झीज झाली की त्या गायब. मी दर सप्टेंबरला छोट्या गेजने मोजते, पाच मिलिमीटरच्या जवळ आले की ती थंडी त्यांच्यावर काढायची नाही. दर ८,००० किलोमीटरला पुढचे मागे करते, म्हणजे चारही सारखे झिजतात.

आणि हवा! तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरच्या दुपारी २० अंशांना भरलेली हवा, जानेवारीच्या पहाटे उणे १५ ला सहा पीएसआयने कमी दिसते. पंक्चर नसतं ते. थंड टायरला मोजा, दाराजवळच्या स्टिकरवर असेल तितकी भरा. वाळूत हवा कमी करतात, म्हणून स्नोच्या हायवेवरही कमी करा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता मनालीवाल्या दादाचं उत्तर. ऑल टेरेन हे नाव आहे, परीक्षा नाही. टायरच्या बाजूवर डोंगर आणि फूल आहे का बघ. नसेल तर रबर थंडीचं नाही असंच धरून चाल. अटल बोगदा ९ किलोमीटरचा, पलीकडे लाहौल. अलीकडे ऊन असलं तरी पलीकडे सावलीत रस्ता काळा दिसेल आणि ओला वाटेल. तोच आइस. चेन विकत घे, तुझ्या टायर साइझच्याच, आणि पुण्यात पार्किंगमध्ये दोनदा लावून काढून बघ, कारण उणे दहामध्ये हातमोजे घालून ते पहिल्यांदा जमत नाही. कोणत्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. उतारावर आधीच खालचा गिअर टाक, ब्रेकवर उभा राहू नको. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेव. आणि पहाटे निघू नको, ऊन रस्त्यावर आलं की निघ. पोलिसांनी थांबवलं तर हुज्जत नको, त्यांनी सकाळपासून तुझ्यासारख्या दहा गाड्या खेचून काढलेल्या असतात.

आई-बाबा या डिसेंबरला परत येतायत. सप्टेंबरला गेज लावला तेव्हा साडेसात मिलिमीटर होते. त्याच उतारावरून जाणार आहोत, तिशीने.

तुमच्या टायरच्या बाजूचा फोटो पाठवा, साइझ आणि खुणा दिसतील असा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. चला, भेटू!