दोन भाषांची नाटक मंडळी

कृष्णेच्या काठी वसलेल्या सांगलीला ‘नाट्यपंढरी’ असे म्हणतात. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तोही सांगलीस झालेल्या एका नाट्यप्रयोगाच्या स्मरणार्थ. मुलांनो, तो प्रयोग करणाऱ्या मंडळीनेच पुढे अकरा वर्षांनी मुंबईत हिंदी भाषेतून नाटक करून दाखविले. एका लहानशा संस्थानातील मराठी माणसांना हे कसे साधले, ते आपण पाहू.

सन १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली. पुराणातील कथांवर ही मंडळी कानडी भाषेत खेळ करीत असे. सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी ते खेळ पाहिले. अशी नाटके आपल्या भाषेत, अधिक नेटकेपणाने, का होऊ नयेत, असे त्यांच्या मनात आले. हे काम त्यांनी आपल्या पदरच्या एका तरुणावर सोपविले. त्याचे नाव विष्णू अमृत भावे. हेच पुढे विष्णुदास भावे म्हणून प्रसिद्धीस आले.

काम सोपे नव्हते. पुढे ठेवावा असा मराठी नमुना हाताशी नव्हता, शिकलेले नट नव्हते, आणि नाटकात सोंग घेणे हे तर प्रतिष्ठित घरांत कमीपणाचे मानले जाई. तरीही भाव्यांनी धीर सोडला नाही. त्यांनी स्वतः पदे रचली, माणसे जमविली व त्यांना शिकविले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी अप्पासाहेबांसमोर ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग झाला आणि तो सर्वांच्या पसंतीस उतरला.

त्या नाटकांची रीत आजच्याहून निराळी होती. आरंभी सूत्रधार मंगलाचरण गाई. मग झाडपाल्याने अंग सजविलेला विदूषक येऊन हसवी. पुढे गणपती व मोरावर बसलेली सरस्वती यांची सोंगे येत आणि त्यानंतर कथेस प्रारंभ होई. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई; पात्रे त्याप्रमाणे अभिनय करीत. पदे आधी रचलेली असत. परंतु पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. ती नटांनी प्रसंग पाहून आयत्या वेळी बोलावयाची असत. राक्षस आरडाओरडा करीत रंगभूमीवर आले, की लहान मुलांची भीतीने गाळण उडे!

सन १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि मंडळीचा राजाश्रय संपला. आता लोकाश्रयावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा भावे आपली मंडळी घेऊन पुणे, मुंबई अशा गावी जाऊ लागले. सन १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. त्या नगरीत मराठी लोकांप्रमाणेच पारशी, गुजराती व हिंदुस्थानी बोलणारे लोकही राहत. याच वर्षी पारशी मंडळीनेही तेथे आपली नाटके सुरू केली होती. नाना भाषांच्या या प्रेक्षकांपुढे केवळ मराठीत बोलून कसे भागणार? भाव्यांनी हिंदी नाटक रचले. २६ नोव्हेंबर १८५४ रोजी ‘राजा गोपीचंद’ हे त्यांचे नाटक मुंबईत झाले. हिंदी रंगभूमीच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

येथे त्यांची योजकता दिसून येते. राज्य सोडून जोगी झालेल्या गोपीचंदाची कथा नाथपंथी जोग्यांनी देशभर गाऊन पोहोचविली होती. कथा ओळखीची असली, म्हणजे एखादा शब्द न समजला तरी प्रसंग समजतो. शिवाय गायन, वेष आणि अभिनय यांना दुभाष्या लागत नाही. जे खेळ कानडीतून सांगलीकरांना आवडले, तसे खेळ हिंदीतून मुंबईकरांना का आवडू नयेत?

भाव्यांच्या पाठोपाठ इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा अनेक मंडळ्या निघाल्या. साताऱ्यास ‘शाहूनगर’ असेही म्हणतात. त्याच नावाच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठी रंगभूमीवर गाजविले. त्यासाठी ‘विकारविलसित’ हे रूपांतर करणारे गोपाळ गणेश आगरकर सातारा जिल्ह्यातील टेंभूचे होते.

विष्णुदास भावे सन १९०१ मध्ये निवर्तले. सांगलीचे नाट्यमंदिर आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे. शेजाऱ्याच्या भाषेत जे चांगले दिसले, ते त्यांनी आदराने घेतले, कष्टाने आपलेसे केले आणि मग दुसऱ्या भाषेच्या लोकांपुढे मोकळ्या मनाने ठेवले. मराठी रंगभूमीचा पाया या देवघेवीवरच उभा आहे.